अल्बमचे वर्ष: तारीख ठरवण्यापासून दौऱ्याचा हिशेब मिटवण्यापर्यंत

अल्बम काढायचे ठरले की बँडमध्ये पहिली चर्चा तारखेची होते आणि माझ्या अनुभवाप्रमाणे वर्ष बिघडायला तिथूनच सुरुवात होते. उत्साहाच्या भरात जाहीर केलेली तारीख मागे घेणे जड जाते. मग ती पाळण्यासाठी मिक्सिंग (वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज योग्य प्रमाणात एकत्र करण्याचे काम) घाईने उरकले जाते, विनाइलच्या तबकड्या पोहोचण्याआधीच दौरा संपून जातो आणि लोकांनी न ऐकलेली गाणी लोकांपुढे वाजवावी लागतात. म्हणून या लेखातील सगळा बेत एकाच नियमावर उभा आहे: आपल्या कामांपैकी सर्वांत संथ काम कोणते ते आधी शोधावे, त्याला लागणारा वेळ संबंधितांकडून लेखी घ्यावा, त्यावर किमान महिन्याभराची सवड ठेवावी आणि त्यानंतरच प्रकाशनाची तारीख तोंडातून काढावी. चार-पाच जणांचा, मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय काम करणारा बँड डोळ्यांसमोर ठेवून पुढील बारा महिन्यांची आखणी केली आहे.

पहिला महिना: गाण्यांची मालकी कागदावर आणा

स्टुडिओत पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येक गाण्याचे हिस्सापत्रक तयार करावे. त्यावर गाण्याचे नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची, प्रत्येकाचा टक्केवारीतील हिस्सा, दिनांक आणि सर्वांच्या सह्या एवढे असले तरी पुरते. टक्क्यांची बेरीज बरोबर १०० यायला हवी. इथे दोन वेगळे हक्क असतात आणि त्यांची गल्लत फार होते. एक हक्क रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा. दुसरा त्या रचनेच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, ज्याला व्यवहारात मास्टर म्हणतात. ड्रमवादकाने चाल रचलेली नसेल, तर रचनेत त्याचा हिस्सा नसूही शकतो, पण मास्टरमध्ये तो बरोबरीचा भागीदार असू शकतो. दोन्ही हक्कांचे पैसे वेगवेगळ्या वाटांनी येतात, त्यामुळे दोन्हींचा करार वेगळा लिहावा.

हे काम अवघड वाटते, कारण त्यात मैत्रीची परीक्षा आहे. तरीही ते पहिल्याच महिन्यात करावे असा माझा आग्रह आहे. गाण्याला अजून काहीच मिळालेले नसते तेव्हा माणसे उदार असतात. गाणे चालल्यानंतर प्रत्येकालाच आपला वाटा आठवतो. याच सुमारास सर्व रचनाकारांनी आपल्या देशातील सादरीकरण हक्कांच्या संस्थेत नाव नोंदवावे, कारण रेडिओवर किंवा मंचावर गाणे वाजल्याचे मानधन त्या संस्थेमार्फतच येते आणि नोंदणीपूर्वीच्या सादरीकरणाचे पैसे मिळवणे बहुधा कठीण जाते.

संथ कामाचा शोध: तबकडी काढायची की नाही

अल्बम केवळ स्ट्रीमिंगवर येणार असेल, तर सर्वांत संथ काम मिक्सिंगचे ठरते. विनाइल काढायचे असेल, तर सगळे वर्ष तबकडीच्या कारखान्याच्या तालावर चालते. मास्टर, म्हणजे इथे गाण्यांचे अंतिम ध्वनिमुद्रण, आधी लॅकर लावलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर कोरला जातो, त्या चकतीवर विद्युतविलेपनाने निकेलचा थर चढवला जातो, त्यातून साचे तयार होतात, मग मोजक्या चाचणी प्रती निघतात आणि त्या मंजूर झाल्यावरच छपाई सुरू होते. यातील कोणतीही पायरी पैसे देऊन वगळता येत नाही, आणि ही साखळी किती नाजूक आहे ते फेब्रुवारी २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिले. लॅकर चकत्या बनवणारे जगात प्रामुख्याने दोनच कारखाने होते. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्सचा कारखाना त्या महिन्यात आगीत नष्ट झाला. म्हणून मास्टर हाती आल्यापासून प्रती दारात येईपर्यंत किती आठवडे लागतील, याचे लेखी उत्तर कारखान्याकडून घ्यावे आणि चाचणी प्रत नापसंत झाली तर किती वेळ वाढेल, हेही त्याच पत्रात विचारावे.

तबकडीचा विचार गाण्यांच्या क्रमावरही परिणाम करतो. बारा इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेते आणि एका बाजूला १८ ते २२ मिनिटे संगीत चांगल्या पातळीवर मावते. त्याहून जास्त भरले तर खाचा जवळजवळ आणाव्या लागतात आणि आवाज खाली उतरतो. फेऱ्यांचा वेग कायम असला तरी सुईखालून खाच सरकण्याचा वेग कायम नसतो. बाहेरच्या कडेला तो सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर, तर आतल्या टोकाला सुमारे २१ सेंटीमीटर असतो. त्यामुळे झांजांची आणि ‘स’काराची धार आतल्या बाजूला फाटते. प्रत्येक बाजूचे शेवटचे गाणे शांत ठेवण्याची जुनी पद्धत यातूनच आली आहे, आणि ती पाळावी असे मी सुचवीन. सर्वांत भडक गाणे बाजू संपताना ठेवण्याचा मोह आम्हीही एकदा आवरला नव्हता. चाचणी प्रत ऐकल्यावर क्रम बदलावा लागला, साचे नव्याने करावे लागले आणि त्यात दोन महिने गेले.

दुसरा ते पाचवा महिना: ध्वनिमुद्रण आणि मास्टर

ध्वनिमुद्रणाच्या कलेवर इथे फार लिहीत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. फक्त दोन गोष्टी सांगतो. स्टुडिओचे दिवस ठरवण्यापूर्वी सर्व गाणी मेट्रोनोमच्या (ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या साधनाच्या) साथीने सरावखोलीत मुद्रित करून प्रत्येक गाण्याचा वेग नक्की करावा. स्टुडिओच्या तासात वेगावर वाद घालणे सर्वांत महाग पडते. दुसरे म्हणजे मिक्सिंगच्या सूचना एकाच व्यक्तीने, एकाच लेखी यादीत, वेळेच्या आकड्यांसह कळवाव्यात. चार जणांनी चार निरोप पाठवले की मिक्सिंग करणारा माणूस नाइलाजाने सर्वांत मोठा आवाज असलेल्याचे ऐकतो.

मास्टरिंग, म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यांवरचा शेवटचा हात, करणाऱ्याकडून काय काय हवे, ते आधीच सांगावे, कारण नंतर मागितले की वेळही जातो आणि शुल्कही वाढते. स्ट्रीमिंगसाठी २४ बिटच्या वेव्ह फाइली, तबकडीसाठी वेगळा मास्टर आणि प्रत्येक गाण्याची गायनाविना प्रत अशी मागणी करावी. गायनाविना प्रत चित्रपट, मालिका किंवा जाहिरातीसाठी गाणे देताना लागते आणि बहुतेकांना ती ऐन वेळी आठवते. तबकडीच्या मास्टरमध्ये खालचे स्वर मध्यभागी एकत्र ठेवावे लागतात, अन्यथा सुई खाचेतून उडू शकते. आवाज अतिशय मोठा करून घेण्याचा हट्ट मात्र सोडावा. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएस (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचे एकक) पातळीला सर्व गाणी आणून ठेवते, म्हणजे दाबून मोठे केलेले गाणे तिथे आपोआप खाली ओढले जाते आणि हाती उरतो तो केवळ चेपलेला ड्रम. आवाजाचे सर्वोच्च शिखर उणे १ डेसिबलच्या खाली राहील असे पाहिले की फाइलचे रूपांतर होताना आवाज फाटण्याचा धोका कमी होतो.

सहावा महिना: तारीख, क्रमांक आणि वितरक

मास्टर हाती आहे, मुखपृष्ठ तयार आहे आणि कारखान्याने लेखी मुदत दिली आहे, अशा अवस्थेत तारीख ठरवावी. वार बहुधा शुक्रवारच ठेवावा, कारण १० जुलै २०१५ पासून जगभरातील संगीत प्रकाशनासाठी शुक्रवार हा समान दिवस मानला गेला आहे आणि नव्या संगीताच्या बऱ्याच याद्या त्याच दिवशी बदलतात.

स्ट्रीमिंगच्या सेवांकडे गाणी पोहोचवण्यासाठी वितरक लागतो. वितरक निवडताना तो वार्षिक शुल्क घेतो की उत्पन्नात हिस्सा घेतो, हे पाहावेच, पण शुल्क भरणे थांबवले तर गाणी उतरवली जातात का, हे आधी विचारावे. अल्बमला एक बारकोड क्रमांक आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळखक्रमांक मिळतो. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. जे गाणे आधी सिंगल, म्हणजे एकटे गाणे, म्हणून निघेल आणि पुढे अल्बमातही असेल, त्याला दोन्हीकडे तोच आयएसआरसी द्यावा, म्हणजे आधी जमलेली श्रवणसंख्या तशीच पुढे येते. नव्याने मिक्स केलेल्या किंवा मंचावर मुद्रित केलेल्या आवृत्तीला मात्र नवा क्रमांक घ्यावा. सर्व क्रमांक, रचनाकारांची पूर्ण नावे आणि हिस्से एकाच तक्त्यात लिहून ठेवावेत. वर्षभरात हा तक्ता वीस वेळा तरी उघडावा लागतो.

फाइली प्रकाशनाच्या किमान चार ते सहा आठवडे आधी वितरकाकडे द्याव्यात. स्पॉटिफायच्या संपादकांपुढे गाणे मांडायचे असेल, तर ते प्रकाशनापूर्वी निदान सात दिवस सांगावे लागते आणि एका वेळी एकच गाणे सुचवता येते. सात दिवस ही किमान मर्यादा आहे. तीन-चार आठवडे आधी मांडावे हे उत्तम. याच सेवेवर २०२४ पासून मागील बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवून मी बँडना सुचवतो की श्रोत्यांना चौदा गाण्यांवर पसरवण्यापेक्षा नऊ-दहा नेटक्या गाण्यांचा अल्बम करावा.

सातवा ते नववा महिना: सिंगल आणि प्रसिद्धी

अल्बमच्या आधी दोन किंवा तीन सिंगल, त्यांच्यामध्ये पाच ते सहा आठवडे, असा वेग पेलवतो. पहिले सिंगल बँडची ओळख पटवणारे असावे. सर्वांत लोकप्रिय होईल असे वाटणारे गाणे अल्बमच्या आठवड्यासाठी राखून ठेवावे. उत्साही बँड नेमके उलट करतात आणि मग अल्बमच्या दिवशी सांगण्यासारखे नवे काही उरत नाही.

मासिके, रेडिओ आणि समीक्षक यांच्यासाठी एक पानाचा परिचय, उच्च दर्जाची चार छायाचित्रे, गीतांचे शब्द आणि खासगी श्रवणदुवा असे एकच पाकीट तयार ठेवावे. पत्र सहा ते आठ आठवडे आधी जावे. प्रत्येक पत्राची पहिली दोन वाक्ये त्या व्यक्तीच्या कामाला धरून, स्वतः लिहिलेली असावीत. शंभर जणांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा पंधरा जणांना नीट लिहिलेले पत्र अधिक उत्तरे आणते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. परिचयात ‘अनोखा’, ‘वादळी’ असे शब्द टाळून गाण्यांमागची एखादी खरी गोष्ट सांगावी, कारण पत्रकाराला लिहिण्यासाठी काहीतरी हातात लागते.

चित्रफितींच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. तीन महिने रोज काहीतरी टाकत राहण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण तो पाळताना बँडचा सराव बंद पडतो. त्याऐवजी स्टुडिओच्या दिवसांतच एक जण कॅमेरा घेऊन बसवावा आणि त्या साठ्यातून आठवड्याला दोन तुकडे काढावेत. श्रोत्यांच्या ईमेल पत्त्यांची यादी मात्र पहिल्या कार्यक्रमापासून जमवावी. समाजमाध्यमाचे नियम बदलले तरी ती यादी आपल्याकडेच राहते.

दौरा: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

दौऱ्याची तयारी प्रत्यक्ष प्रवासाच्या सहा महिने आधी, म्हणजे मास्टरिंग चालू असतानाच सुरू व्हायला हवी. मोठे महोत्सव तर त्याहूनही आधी ठरतात. नकाशावर आधी शुक्रवार-शनिवारच्या मुख्य तारखा टाकाव्यात, कारण प्रेक्षक त्या दिवशीच जमतात, आणि त्यांच्यामधल्या वारांना वाटेवरची छोटी गावे जोडावीत. मार्ग एका वळशात पुढे जावा. उत्तर, दक्षिण, पुन्हा उत्तर असा झाला तर मानधन इंधनातच जिरते. सलग चार-पाच कार्यक्रमांनंतर एक मोकळा दिवस ठेवावा, विशेषतः गायकासाठी, आणि तो मोकळा दिवस लांबच्या प्रवासात घालवू नये. दौऱ्याची पहिली तारीख प्रकाशनानंतर दोन-तीन आठवड्यांनी असावी. तेवढ्या वेळात लोकांना गाणी तोंडपाठ होतात आणि सभागृहात त्याचा फरक लगेच ऐकू येतो.

करार तीन प्रकारचे असतात. पहिल्यात ठरलेली रक्कम हमी म्हणून मिळते, दुसऱ्यात तिकीटविक्रीतला हिस्सा मिळतो आणि तिसऱ्यात या दोहोंपैकी जे जास्त असेल ते मिळते. तिसऱ्याचे उदाहरण घेऊ. हमी ४०० एकके आहे, तिकिटांचे १,००० एकके जमले, आयोजकाचा मान्य खर्च ३०० आहे आणि उरलेल्या रकमेत बँडचा वाटा ७० टक्के आहे. म्हणजे ७०० चे ७० टक्के ४९० होतात आणि ते हमीपेक्षा जास्त असल्याने ४९० मिळतात. सगळी गोम ‘मान्य खर्च’ या दोन शब्दांत असते, म्हणून खर्चाची यादी आकड्यांसह करारात जोडून घ्यावी. एका आयोजकाने कार्यक्रमानंतर जाहिरातीचा असा खर्च पुढे केला की आमचा वाटा जवळपास शून्यावर आला, आणि करारात यादी नसल्यामुळे आमच्याकडे बोलण्यासारखे काही नव्हते. महोत्सवाच्या करारात आणखी एक कलम वाचावे: ठरावीक अंतराच्या आत, ठरावीक दिवसांपर्यंत दुसरा कार्यक्रम करू नये अशी अट त्यात असते आणि ती न वाचता घेतलेली शेजारच्या गावाची तारीख रद्द करावी लागते.

प्रत्येक जागेच्या ध्वनियंत्रकाला तीन आठवडे आधी दोन कागद पाठवावेत. पहिला मंचाचा आराखडा, ज्यात प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या वादकाच्या डाव्या-उजव्या बाजूने मांडणी दाखवलेली असते आणि वीज कुठे लागेल ते लिहिलेले असते. दुसरा चॅनलांची यादी: क्रमांक, वाद्य, माइक की डीआय बॉक्स (वाद्य तारेने थेट ध्वनियंत्रणेला जोडणारी पेटी), स्टँड कोणता, ४८ व्होल्टचा फॅंटम पुरवठा (काही माइकना तारेतूनच दिली जाणारी वीज) लागतो का, आणि कोणाला मॉनिटरमध्ये (वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरमध्ये) काय हवे. यादी खरी असावी. दोन वर्षांपूर्वीचा कीबोर्डवादक त्यात राहून गेला असेल, तर ध्वनियंत्रक तासभर त्याची वाट पाहतो. अनेक बँड असलेल्या कार्यक्रमात ड्रमसंच आणि अ‍ॅम्प बहुधा सामाईक असतात, पण स्नेअर ड्रम, झांजा आणि बेस ड्रमचे पॅडल ज्याचे त्याने आणायचे असतात, हा सर्वत्र चालणारा शिरस्ता आहे.

दौरा सीमेपलीकडे जाणार असेल, तर काम करण्याची परवानगी आणि वाद्यांची कागदपत्रे सहा महिने आधी हाती घ्यावीत. एटीए कार्ने हे कागदपत्र स्वीकारणाऱ्या देशांत वाद्ये जकात न भरता तात्पुरती नेता येतात. त्याची मुदत एक वर्षापर्यंत असते आणि प्रत्येक वस्तू तिच्या अनुक्रमांकासह नोंदवून तीच परत आणावी लागते. विकायचे टीशर्ट आणि तबकड्या त्यात बसत नाहीत, त्यांची जकात वेगळी भरावी लागते. विजेचा दाबही तपासावा: अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १००, युरोपात २३० असतो, आणि ट्यूब अ‍ॅम्प चुकीच्या दाबावर लावला तर तो जळू शकतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात सोबतच्या सामानातच न्याव्या लागतात.

प्रवासातील दोन धोके असे आहेत की त्यांवर मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. पहिला कानांचा. कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या अमेरिकेतील एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. रॉक कार्यक्रमाचा मंच सहज या पातळीला पोहोचतो आणि साउंड चेक धरून आपण तिथे दोन तास उभे असतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, म्हणून संगीतकारांसाठी बनवलेले कानाचे बोळे सरावापासूनच वापरावेत, म्हणजे मंचावर ते परके वाटत नाहीत. दुसरा धोका रात्रीच्या गाडीचा. युरोपीय संघात मोठ्या बस आणि मालवाहू वाहनांच्या चालकाला साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे आणि दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा आहे. आपली व्हॅन लहान असल्यामुळे हा नियम लागू होत नसला तरी तो पाळावा. ज्याने त्या रात्री वाजवले आहे त्याने कार्यक्रमानंतर गाडी चालवू नये. चालक परवडत नसेल, तर तिथेच झोपून सकाळी निघावे.

टीशर्ट आणि तबकड्यांचे टेबल गंभीरपणे मांडावे, कारण छोट्या बँडच्या दौऱ्यात अनेकदा तेच टेबल इंधनाचा खर्च काढते. जागेचा मालक विक्रीत हिस्सा घेतो का, हे कराराच्या वेळीच विचारावे. रोज रात्री मापांनुसार किती टीशर्ट उरले ते मोजून वहीत लिहावे आणि शेवटच्या गाण्यानंतर पाच मिनिटांत बँडमधील एक जण तरी टेबलाशी उभा असावा.

शेवटचे दोन महिने

दौरा संपल्यावर सगळे थकलेले असतात आणि नेमकी तेव्हाच कागदाची कामे उरलेली असतात. प्रत्येक कार्यक्रमात वाजवलेल्या गाण्यांची यादी, तारीख आणि जागा सादरीकरण हक्कांच्या संस्थेला कळवावी. ही माहिती न दिल्यास त्या गाण्यांचे मानधन आपल्यापर्यंत येत नाही. वादक म्हणून मिळणारे संलग्न हक्कांचे (रचनेचे नव्हे, तर ध्वनिमुद्रण वाजल्याचे) मानधनही वेगळे नोंदवावे. अमेरिकेत सर्वसाधारण रेडिओ केंद्रे ते वादकांना देत नाहीत, पण इतर अनेक देशांत ते मिळते. त्यानंतर खर्च आणि उत्पन्नाचा एकच तक्ता सर्वांसमोर उघडून, कर्ज आणि पुढील छपाईची रक्कम बाजूला काढून, उरलेले पहिल्या महिन्यातील करारानुसार वाटावे.

अखेरीस ध्वनिमुद्रणाचे मूळ प्रकल्प जतन करावेत. प्रत्येक ट्रॅक शून्य वेळेपासून सुरू होणारी स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणून काढावा, कारण आजचे सॉफ्टवेअर दहा वर्षांनी उघडेलच असे नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या घरात, अशी व्यवस्था करावी, आणि त्यातील एका प्रतीवरून एक गाणे प्रत्यक्ष उघडून, सर्व ट्रॅक वाजतात का, ते शेवटपर्यंत ऐकून पाहावे.